रंभाजी ड्रायव्हरचं मत

अठ्ठ्याण्णव सालचा नाताळ होऊन चार दिवस झाले होते. सॅम नगरहून मोटारसायकलवर कोल्हारला आला आणि त्याने यशोधराच्या टेबलावर दोन खोकी ठेवली, एक निळं आणि एक पांढरं.

"यातलं कुठलं घ्यायचं ते तुम्ही सांगायचं, ताई. सहा मशीनला सहा लागणार आहेत."

दोन्ही खोक्यांत ग्राफिक्स कार्डं होती. कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची तळहाताएवढी पट्टी. ती बसवली की पडद्यावरचं चित्र पळायला लागतं, असा त्यांचा लौकिक. सॅम नगरच्या सावेडी भागात गेम खेळायचं दुकान काढणार होता. त्याचे वडील शलमोन गुरुजी जन्मभर शाळेत शिकवलेले. पोराचा हा उद्योग त्यांच्या पचनी पडला नव्हता. त्यामुळे सॅमला पहिल्याच महिन्यात तोंडघशी पडायचं नव्हतं. तंत्रनिकेतनात तो यशोधराच्या एक वर्ष मागे होता. तिच्या हाताखालून गेलेलं मशीन पुन्हा कुरकुरत नाही, हे त्याने तेव्हाच पाहून ठेवलं होतं.

"अरे, पण मला गेम खेळता येत नाहीत."

"म्हणून तर तुमच्याकडं आलो. खेळणाऱ्याला विचारलं, की तो खोक्यावरचं चित्र बघूनच गार होतो. तुम्ही मोजून सांगाल."

मग त्याने पिशवीतून मोटारींच्या शर्यतीची सीडी काढली आणि सगळ्यात शेवटी एक प्लॅस्टिकचं स्टिअरिंग. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं, खाली पायापाशी दोन पेडल. "हे पण चालतं का बघा," म्हणाला, उभ्या उभ्या चहा घेतला आणि गेला.

यशोधराचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. शटर वर केलं की समोर नगर-मनमाड रस्ता. हंगाम चालू होता, त्यामुळे उसाच्या ट्रॉल्या सकाळपासून घरघरत जायच्या. मागच्या खोलीत खिडकीशी खाट टाकून तिचे वडील बसलेले असत. रंभाजी पगारे, तिचे आबा, अठ्ठावीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून कुणाला खरचटलं नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी दरसालच्या तपासणीत डोळ्यांत काचबिंदू निघाला आणि गाडी हातातून गेली. डेपोत हलकं काम देऊ केलं होतं, ते त्यांनी चार महिने केलं आणि सोडलं. दुसऱ्यांच्या गाड्या आत येताना, बाहेर जाताना बघवेनात. गाडी चालवण्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी समोरची काच स्वतः पुसली होती, असं कंडक्टर नंतर घरी येऊन सांगून गेला. ते स्वतः त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत. एकूणच बोलणं कमी झालं होतं. रस्त्यावरून एखादी गाडी गेली की तेवढं म्हणत, "ह्याची क्लच प्लेट गेलीय." तेही कुणाला उद्देशून नाही.

दुसऱ्या दिवशी यशोधराने निळ्या खोक्यातलं कार्ड बसवलं, तर पडद्यावर नुसत्या रेघा. तिने सॅमला फोन लावला. बोलता बोलता तिलाच बिघाड सापडला आणि ती उत्साहाने म्हणाली, "अरे, जुना ड्रायव्हर तसाच राहिलाय! तो मुळापासून काढून टाकायला पाहिजे. जुन्याचा आता काही उपयोग नाही. तो असेपर्यंत नवा नीट चालणारच नाही."

फोन ठेवून ती वळली, तर मधल्या दारात आबा उभे होते. हातात पाण्याचा तांब्या.

"आबा, ते कॉम्प्युटरमधलं असतं. कार्ड चालवायचा प्रोग्राम. त्याला ड्रायव्हर म्हणतात."

"व्हय, म्हनत आसतील की." ते हसल्यासारखं करून आत गेले.

यशोधरा कितीतरी वेळ स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून बसून राहिली. चूक कुणाचीच नव्हती, पण बोलून झालेलं परत घेता येत नव्हतं. आबांचे खांदे दारातून आत जाताना जसे दिसले, तसे तिने पूर्वी कधी पाहिले नव्हते.

तिने मोजणी केली. गेममध्ये एक बटण दाबलं, की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात आकडा उमटायचा. एका सेकंदात किती चित्रं पडद्यावर येतात त्याचा. जितकी जास्त, तितकी चाल गुळगुळीत. गाडी कशीबशी रेटत तिने एक फेरी पुरी केली. निळ्याची सरासरी आली एकेचाळीस. मग पांढरं बसवलं, त्याची तेहतीस. निकाल लागला होता. कागदावर 'निळं' असं लिहून सॅमला कळवलं, की काम संपलं.

पण टेबलावर ते प्लॅस्टिकचं स्टिअरिंग तसंच पडून होतं.

ती मागच्या खोलीत गेली. आई, बनाबाई, जमिनीवर बसून तूर पाखडत होती. आबा खिडकीशी.

"आबा, जरा काम होतं तुमच्याकडं."

"माझ्याकडं?"

"मला गाडी चालवता येत नाही. दोन कार्डं आलीत. कुठल्यावर गाडी खऱ्यासारखी चालते, ते मला कळणार कसं? तुम्ही सांगा."

"पोरांचं खेळणं हाय त्ये, यशा."

"खेळणं असलं तरी सॅम त्याच्यावर दुकान टाकतोय. माझा शब्द ऐकून घेणार आहे तो. चुकीचं सांगितलं तर?"

सुपातली तूर थांबवून बनाबाई म्हणाली, "जावा की. पोरगी एवढी म्हनती तर. हितं बसून तरी काय वळन घेताय?"

ते उठले.

खुर्चीवर बसल्यावर त्यांनी आधी स्टिअरिंगला हात लावला नाही. पेडल पायाने चाचपले. "क्लच कुठंय?"

"नाही त्यात."

"बिनक्लचची?" त्यांनी मान हलवली. मग दोन्ही हात चाकावर ठेवले. "वजनच न्हाई ह्याला. खुळखुळ्यावानी हाय." पण हात तिथेच राहिले.

पेडलला पाय पुरावेत म्हणून यशोधराने मॉनिटर टेबलाच्या पार मागच्या कडेला सरकवला आणि खुर्ची मागे घेतली. तीन-साडेतीन हातांचं अंतर झालं. गेम सुरू झाला. निळं कार्ड. डोंगरातला रस्ता, कडेला उंच झाडं, एका बाजूला तळं. बाकीच्या सगळ्या गाड्या धूळ उडवत पुढे निघून गेल्या. रंभाजींनी आरसा कुठे आहे ते पाहिलं, नाही म्हटल्यावर नाराज झाले आणि सावकाश गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाला आणून हाकायला लागले.

"आबा, शर्यत आहे. मधून घ्या, चालतं."

"समोरून कुनी आलं म्हंजे?"

समोरून कुणी येणार नव्हतं, पण तिने सांगितलं नाही. वळण आलं, की ते पाय उचलायचे आणि खरोखर अंग किंचित कलतं करायचे. एकदा तोंडाने हॉर्न दिला. फेरी संपली तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांत सगळ्यात शेवटचा नंबर आला. त्यांनी तिकडे लक्षही दिलं नाही.

"पुन्ना लाव," म्हणाले.

दुसऱ्या फेरीच्या मधेच लाईट गेली. दोन तास आली नाही. रंभाजी खुर्चीवरून हलले नाहीत. तशा बंद पडद्यासमोर बसूनच त्यांनी सांगितलं, "ही गाडी मला पटली न्हाई, बघ."

"का? हिचा आकडा जास्त आहे."

"सरळ रस्त्याला पळती झकास. पर तळ्याचं वळन येतं ना, आन् फुडं त्या गावातली घरं. तितं गचका खाती. गाडी आडती, मंग येकदम उडी मारती. वळनावर आसं झालं तर मानूस दरीत जाईल. सरळ रस्त्यावर काय, कुनीबी चालवंल."

यशोधराने नुसती सरासरी काढली होती. मधले आकडे पाहिलेच नव्हते.

लाईट आल्यावर ती त्यांच्या शेजारी वही घेऊन बसली. आबा गाडी चालवत होते आणि ती कोपऱ्यातला आकडा दर थोड्या वेळाने टिपत होती. सरळ रस्त्याला साठ, बासष्ट. तळ्याच्या वळणावर नऊ. गावात अकरा. मग पांढरं कार्ड बसवलं. त्याचा आकडा पुऱ्या फेरीत कधी छत्तिसाच्या वर गेला नाही, आणि अठ्ठाविसाच्या खालीही आला नाही.

तिने खोक्यांतले कागद काढून वाचले. निळ्या कार्डाची स्वतःची मेमरी निम्मी होती. पाणी, घरं, झाडं अशी खूप चित्रं एकदम लागली, की ती त्याच्यात मावायची नाहीत आणि दर वेळी मशीनमधून ओढून आणावी लागायची. तेवढ्यात गाडी अडायची.

तिने आबांना समजावलं. "टाकी ल्हान हाय म्हन की," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा 'तळ्याचं वळन' घेऊन आले. पांढऱ्यावर ते वळण त्यांनी असं घेतलं, की यशोधराला आपण लहानपणी त्यांच्या मागच्या सीटवर बसून शिर्डीला गेलो होतो, ते आठवलं. बनाबाई पदराला हात पुसत येऊन मागच्या स्टुलावर बसली होती.

"धरून बस," रंभाजी मागे न बघता म्हणाले.

"बसलीय," ती म्हणाली.

त्या दिवशी ते खूप बोलले. घाटात धुकं असलं की काय करायचे, बैलगाडीला मागून कंदील नसला तर ती कशी ओळखायची. आणि बोलता बोलता, अगदी सहज, म्हणाले, "यशा, ह्यात मला आख्खा रस्ता दिसतो बघ. दोन्ही कडा. लई दिसांनी."

यशोधराचं पेन थांबलं. "आणि खरा?"

"काय खरा?"

"बाहेरचा रस्ता. तो किती दिसतो?"

रंभाजींनी पाय पेडलवरून काढला. पडद्यावरची गाडी हळूहळू थांबली.

"दिसतो की. मधला दिसतो."

तिने मॉनिटर पुढे ओढला, नेहमी ती बसायची तेवढ्या अंतरावर. "आता कोपऱ्यातला आकडा वाचा, आबा."

ते शोधायला लागले. डोकं वळवून, मान तिरकी करून, रेडिओवर स्टेशन शोधावं तसं. आकडा वर डावीकडे लखलखत होता. त्यांना तो सापडायला बराच वेळ लागला. यशोधराने पेनाचं टोपण त्यांच्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणलं. "दिसलं की सांगा." टोपण जवळजवळ नाकासमोर आलं, तेव्हा ते म्हणाले, "हां."

डोळे इतके गेले असतील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी 'बाजूची नजर थोडी कमी' असं सांगितलं होतं. आणि हा माणूस रोज सकाळी सायकलवर हा रस्ता ओलांडून, उसाच्या ट्रॉल्यांमधून, दूध आणायला जात होता.

"आबा, थेंब टाकताय ना डोळ्यांत?"

उत्तर आईकडून आलं. "बंद केलेत त्यांनी. वरीस झालं."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? मला म्हनले, पोरीला सांगितलंस तर माझ्यासंगं बोलू नकू." बनाबाईचा आवाज बारीक झाला. "म्या बाजारात त्यांच्या उजव्या अंगानं चालते. तो डोळा जास्त गेलाय. धक्का लागाय नको कुनाचा."

हे ऐकून रंभाजींनी बायकोकडे पाहिलं. त्यांनाही ते माहीत नव्हतं. वर्षभर ती उजवीकडून का चालते, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

यशोधराला रागवायचं होतं. तोंडापर्यंत आलेलं तिने गिळलं आणि खुर्चीशेजारी खाली बसली. "का बंद केलेत, आबा?"

"डॉक्टरच म्हनले हुते, गेलेली नजर परत येत न्हाई. मंग टाकून काय उजेड पडनार हाय? रोज बाटली हातात घेतली, की आठवायचं. त्यापरीस नको वाटलं." त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. "आन् आंधळा म्हनून घरात बसायचं नव्हतं मला. ड्रायव्हर म्हनून बसलोय, त्येच लई हुतं."

यशोधराने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाहेरून एक भरलेली ट्रॉली गेली आणि काच थरथरली.

चार दिवसांनी बापलेक नगरला गेले. डोळ्यांचे डॉक्टर दोन वर्षांपूर्वीचेच होते, वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी दाब मोजला, एका यंत्रात डोकं ठेवायला लावून बाजूचे ठिपके दाखवले, आणि बऱ्याच वेळाने खुर्ची जवळ ओढून रंभाजींच्या अगदी समोर बसले.

"गेलेलं परत येत नाही, हे मी आजही सांगीन. पण थेंब त्याच्यासाठी नसतातच, रंभाजीराव. उरलेलं टिकावं म्हणून असतात. तुमची मधली नजर अजून चांगली आहे. ती सांभाळायची की घालवायची, ते तुमच्या हातात आहे."

रंभाजींनी थोडा विचार केला. "म्हंजे उतारावर गाडी गिअरमधी ठेवायची."

"अगदी तसंच."

"आसं तवाच सांगितलं आसतं तर..." ते म्हणाले, आणि स्वतःच थांबले. "न्हाई. तवा मी आयकलं नसतं."

तिथून ते रिक्षाने सावेडीला गेले. सॅमच्या गाळ्यात अजून सुतारकाम चालू होतं. त्याने फळीवरचा भुसा झटकून काकांना बसायला जागा केली. यशोधराने आपल्या लेटरहेडवर लिहिलेलं पान त्याच्या हातात दिलं. वर दोन्ही कार्डांचे आकडे होते, वळणांचे वेगळे मांडलेले. खाली लिहिलं होतं: 'पांढऱ्या खोक्यातलं घ्यावं. वेग कमी दिसला, तरी चाल एकसारखी आहे. निळं सरळ रस्त्यावर पुढे जातं, पण जिथे गरज असते तिथे अडतं.'

सॅमने दोनदा वाचलं. "मी निळंच घेणार होतो, ताई. सगळे निळंच म्हणत होते. हे वळणाचं कसं सापडलं तुम्हाला?"

"मला नाही सापडलं. ड्रायव्हरला सापडलं."

"ड्रायव्हर? कुठलं व्हर्जन टाकलं होतं?"

यशोधराला हसू फुटलं. रंभाजी आधी सॅमकडे, मग तिच्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्याही पोटातून हसू वर आलं. दोन वर्षांत असं हसू त्यांच्या तोंडावर नव्हतं. "जुनंच हाय," ते म्हणाले. "श्रीरामपूर डेपोचं."

सॅमला कळलं तेव्हा तो ओशाळला, मग उठून त्यांच्यासमोर उभा राहिला. "काका, सहाही मशीन बसली की पोरांना आत घ्यायच्या आधी तुम्ही एक-एक फेरी मारून द्याल? स्टिअरिंग ढिलं आहे, ब्रेक उशिरा लागतो, असलं मला नाही कळत."

"त्या चाकाला वजन न्हाई, ह्ये पहिलं लिहून घे," रंभाजी म्हणाले. "आन् आरसा न्हाई. बिनआरशाची गाडी मी पास करनार न्हाई."

"गेममध्येच नाही तो, काका."

"मंग करनाऱ्याला कळव की पत्रानं."

सॅमने खरंच कागद घेतला आणि लिहून घेतलं.

परतीच्या गाडीला गर्दी होती. नगरच्या स्टँडवर गाडीच्या पायरीशी आल्यावर रंभाजी थांबले. आजवर ते कुणाचा हात धरून गाडीत चढले नव्हते. त्यांनी यशोधरापुढे हात केला. "पायरी दिसंना. धर जरा." तिने धरला.

चालक तरुण होता, पण त्याने त्यांना ओळखलं. "पगारेमामा! या की पुढं, केबिनमधी बसा."

"नको रं," रंभाजी म्हणाले. "आज मागं बसतो. तू चालव."

त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. स्टँड सुटलं, शहर मागे पडलं. यशोधराने पर्समधून थेंबांची बाटली काढली आणि पुन्हा एकदा नीट वाचली. सकाळी एक, संध्याकाळी एक. गाडी विळदचा घाट उतरायला लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आबांचा पाय आज फळीवर ब्रेक दाबत नाहीये. एस.टी.त बसले की नेहमी दाबायचे ते, झोप तर कधी लागायचीच नाही. तिने वळून पाहिलं. त्यांचं डोकं तिच्या खांद्याकडे कललं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं.

राहुरीच्या स्टँडवर पेरूवाल्यांचा गलका झाला, तशी त्यांना जाग आली.

"कुठं आलो?"

"राहुरी. अजून वेळ आहे, झोपा तुम्ही."

"बरं," ते म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले.